खार आणि पाकट : पालकांना काही मोलाच्या सूचना

लेकरू इंग्रजी शाळेत घातलंय ना? मग रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज येणारच : 'उद्या प्रोजेक्ट. खार आणि पाकट मासा, तुलना करा.' घाबरू नका. मागच्याच आठवड्यात मी यातून गेलोय.

'इथं समुद्र कुठंय?' असलं काही विचारू नका. आपल्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, मासाही येईल एखाद्या डब्यातून.

मोबाइलवर 'पाकट' टाइप करा. तो आपल्या मनानंच 'पाकीट' करतो आणि चामड्याची पाकिटं दाखवतो. तोवर कार्डशीट अन् रंगीत प्रिंटांत आपलं रिकामं झालेलं असतं.

लेकराला लिहू देऊ नका, अक्षर वाईट दिसतं.

फरक सोपे आहेत. खारीला हाडं, पाकटाला नुसती कूर्चा. खारीची शेपूट तोल सांभाळायला, पाकटाच्या शेपटीवर विषारी काटा. पाकटाचं तोंड अन् कल्ले पोटाकडून, म्हणून वाळूत दडला की डोळ्यांमागच्या भोकांतून पाणी ओढतो.

साम्य मात्र चुकूनही खरं लिहू नका. मी लिहिलं, 'दोघंही पिल्लांना जन्म देतात.' पाकटाची अंडी आईच्या पोटातच फुटतात, बाहेर येतं ते जिवंत पिल्लू. मॅडमनी लाल पेनानं ही मोठी फुली मारली : 'मासे अंडी घालतात.' दोन मार्क गेले. भेटायला गेलो तर, "सर, पुस्तकात तसंच आहे." दाखवा म्हटलं तर, "पालकसभेत बोलू." पालकसभेत बोलले फक्त फीचं! मार्क गेले खड्ड्यात हो, पण पोरगी घरी येऊन म्हणते, "बाबा, तुम्ही चुकीचं लिहिलं."

कशाची तुलना अन् कशाचं काय! शाळेच्या आवारात लिंब आहे. दिवसभर त्यावर खार चिरकते, मागचे पंजे उलटे फिरवून डोकं खाली करून सरसर उतरते. मॅडम, एका तरी लेकराला दहा मिनिटं तिथं उभं केलंत का? समुद्र नाही, कबूल. लिंब तर आहे ना! अन् आम्ही येडे, लेकराला झोपवून रात्री बारापर्यंत फेविकॉल लावत बसतो. तुम्हाला लाज नाही अन् आम्हालाही नाही.

तो चार्ट आता वर्गाच्या खिडकीला चिकटवलाय, ऊन येतं म्हणून. त्याच खिडकीतून लिंब दिसायचा. काढा तो चार्ट आधी.