लोड कुठंय, साहेब?

मागच्या शनिवारी संध्याकाळी मी एका कॅमेऱ्याच्या दुकानात खांद्याला तीन किलो कांदे अडकवून चकरा मारत होते. कांदे माझे नव्हते. कल्पनाही माझी नव्हती. नवरा म्हणतो विसर आता, पण त्याचं काय जातंय, त्याला बसायला खुर्ची मिळाली होती.

मला फक्त एक पट्टा हवा होता. पक्ष्यांचे फोटो काढते मी, निकॉनचा डी५०० कॅमेरा आणि वर २००-५०० ची लांबलचक लेन्स. लेन्स २३०० ग्रॅम, बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, बॅटरी-कार्डासकट ८६०, म्हणजे झाले ३१६०, आणि हे सगळं अंधारात घर सोडल्यापासून ऊन चढेपर्यंत मानेवर. कॅमेऱ्याच्या बॉक्समध्ये जो फुकट पट्टा येतो ना, कुठल्याही कंपनीचा घ्या, तो लग्नाच्या हॉलमध्ये कॅमेऱ्यासोबत येणारी छोटी किट लेन्स लावून फिरायला ठीक आहे. एरवी त्याचं खरं काम म्हणजे कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात आपल्या मानेवरून मिरवणं, जाहिरात त्यांची आणि स्पॉन्डिलायटिस आपला. आधी मान धरली, मग खांदा, मग डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. फिजिओ म्हणाली गळ्यात वजन घेणं आजपासून बंद. पक्षी बघणं बंद असं नाही म्हणाली हे तिचं नशीब.

कॅमेरा सेन्सर साफ करायला दिलेला होता, म्हटलं तेवढ्यात पट्ट्याचं उरकून घेऊ. नवरा गाडी लावायला म्हणून बरोबर आलेला.

दुकान आता नावालाच कॅमेऱ्याचं. पुढचा भाग पासपोर्ट फोटो आणि मगवर फोटो छापून देण्याचा, कॅमेरे मागच्या काचेत गुपचूप बसलेले. काउंटरवर एक कोवळा मुलगा. आणि कोपऱ्यात स्टुलावर एक काका. अमेरिकेच्या व्हिसासाठी दोन बाय दोन इंचाचा फोटो काढून झालेला, प्रिंटर अडकलेला, पायाशी बाजाराची पिशवी, त्यामुळे काकांकडे वेळच वेळ आणि बघायला फक्त आम्ही.

मी मुलाला म्हटलं, "जड लेन्ससाठी पट्टा दाखव ना, मानेवर वजन न येणारा."

मुलगा नवऱ्याकडे वळला. "सर, बॉडी कुठली आहे आपली?"

नवरा मोबाइलमध्ये होता. बॉडी म्हणजे त्याला स्वतःची वाटली असावी, कारण त्याने आधी पोट आत घेतलं.

"डी५००," मी म्हटलं.

"सर, डी५०० एक नंबर," मुलगा नवऱ्याला म्हणाला.

इथे काकांनी तोंड उघडलं. "साहेबांना मानेचा त्रास आहे का?"

"मला आहे, काका."

"असणारच. नवऱ्याचं दुखलं की बायकोला झोप लागत नाही. आमच्याकडे तेच." मग माझ्या खांद्यावरून नवऱ्याला, "साहेब, लोड किती?"

"तीन किलो एकशेसाठ," मी म्हटलं.

"तीन-एकशेसाठ. बरं. आणि लोड कुठंय, साहेब?"

"इंदिरानगर," नवरा म्हणाला. त्याच्या कानात फक्त 'कुठंय' गेलेलं.

काका उठले. "मी एचएएल. ओझर. मिगच्या लाइनवर होतो."

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे ओझरला १९६४ पासून एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, लढाऊ विमानांचा कारखाना आहे आणि इकडे नाशिकरोडला नोटांची प्रेस. त्यामुळे शहरात कुठेही चार माणसं जमली की त्यात एक रिटायर्ड प्रेसवाले असतात नाहीतर एक एचएएलवाले. प्रेसवाले कामाबद्दल काही बोलत नाहीत. एचएएलवाले थांबत नाहीत.

काकांनी काउंटरवरची सेल्फी स्टिक उचलली, पूर्ण उघडली, तिच्या टोकाला कुणाचा तरी हॅपी बर्थडे छापलेला मग अडकवला आणि स्टिक आडवी धरली. स्टिक वाकली. मुलाचा चेहरा पडला, तो मग गिऱ्हाईकाने अजून न्यायचा होता.

"ही तुमची लेन्स, साहेब. ही माझी मूठ म्हणजे बॉडी. पट्टा तुम्ही बॉडीच्या कानांना लावता. वजन सगळं पुढे. मग ओढ कुणावर? सांध्यावर! कॅन्टिलिव्हर झाला हा. उद्या माउंट ढिला झाला तर कुणाच्या नावाने बोंब मारणार? सीजी बघा आधी, सीजी, गुरुत्वमध्य. पट्टा तिथे पाहिजे. लेन्सला खाली पाय असतो का काही?"

"असतो," मी म्हटलं, "ट्रायपॉड फूट. मला तिथेच स्क्रू होणारा पट्टा हवाय."

"असतो, साहेब, लेन्सला पाय असतो!" काकांनी नवऱ्याला शुभवार्ता दिली.

आता माझी खरी चिडचिड कशाची, तर हा माणूस बरोबर बोलत होता. जड लेन्स असली की पट्टा बॉडीला नाही, लेन्सच्या कॉलरला, म्हणजे तो पाय असलेल्या कड्याला, लावायचा, मी हे कधीच वाचून बसलेय, त्याच्यासाठीच दुकानात आलेय. पण माझंच म्हणणं काकांकडून सुटून नवऱ्याकडे जात होतं आणि मी मध्ये नेटसारखी उभी.

मुलाने एक निओप्रीनचा पट्टा काढला, तो रबरी, मऊ, रुंद. हात लावला की वाटतं अहाहा. पण निओप्रीन ताणतं, चालायला लागलं की तीन किलो खालीवर उसळत राहतात. काकांनी तो दोन्ही हातांनी ताणून सोडला, "स्प्रिंग आहे ही," म्हणाले आणि बाजूला टाकला. पुन्हा बरोबर. पुन्हा माझ्याकडे न बघता.

मग मुलाला काय सुचलं कोण जाणे, त्याने ड्रॉवरमधून एक गुलाबी फुलाफुलांचा पट्टा काढला आणि पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलला. "मॅडम, लेडीजसाठी हा आहे."

बोटभर रुंदीचा. त्याला माझी लेन्स लावली असती तर मानेत सुरी फिरल्याचं सुख मिळालं असतं. लेडीजसाठी काय वेगळं केलं होतं त्यात, तर फुलं. म्हणजे बाई म्हटलं की कॅमेरा छोटा, फोटो मुलांच्या वाढदिवसाचे, आणि पट्टा ड्रेसला मॅचिंग.

खरं लेडीजसाठी काय करायला पाहिजे ते कुणी करत नाही. हे तिरके स्लिंग पट्टे, ज्यांच्या पाकिटावर नेहमी एक दाढीवाला डोंगरावर उभा असतो, ते सपाट छातीवरून सरळ जातात. आमचं काय? एक तर मधोमध रुततो, नाहीतर एका बाजूला दाबून बसतो. मंगळसूत्र त्यात अडकतं, ओढणी आधीच पिन करावी लागते नाहीतर घरीच ठेवावी लागते, आणि खांद्यावरचं ते जाड पॅड नेमकं ब्राच्या पट्टीवर येऊन बसतं, म्हणजे आधीच जिथे वळ पडलेला असतो तिथेच वरून तीन किलो. हे मी त्या दुकानात काका, मुलगा, नवरा आणि झेरॉक्स काढायला आलेले दोन कॉलेजकुमार यांच्यासमोर सांगणार होते का? फिल्डवरच्या बायका एकमेकींना हे कुजबुजत विचारतात, तू कुठून घेतेस गं, कसा बांधतेस गं. पक्ष्यांच्या मागे एवढ्या बायका फिरतात आता, तरी आम्हाला फुलं.

असो. तिसरा पट्टा स्लिंगच होता. लेन्सच्या पायात पाव इंची स्क्रू, त्याला हुक, पट्ट्यावर सरकणारी कडी. कॅमेरा कमरेपाशी उलटा लटकतो, उचलला की सर्रकन डोळ्याशी. काकांनी स्क्रू हातात घेऊन उजेडात धरला. "आणि हा फिरत फिरत सुटला तर? आम्ही बोल्ट पिळला की लॉकवायर मारायचो. लॉकवायर कुठंय?"

"सेफ्टी दोरी येते ना सर सोबत," मुलगा म्हणाला. ती दोरी आता बुटाच्या नाडीएवढी, तरी काकांना पटली. तेवढ्यात मुलाने उत्साहात सांगितलं की पीक डिझाइन कंपनीचे पट्टा अडकवायचे ते छोटे गोल अँकर येतात ना, ते नव्वद किलो पेलतात. काकांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, तुमचं किती?"

नवऱ्याने दुसऱ्यांदा पोट आत घेतलं.

"ट्रायल घ्या," काकांनी फर्मान काढलं. पण दुकानात ट्रायलला होती छोटी १८-५५ लेन्स, तिला काय कुठलाही पट्टा छानच वाटणार. काकांनी एक क्षण विचार केला, खाली वाकले आणि बाजाराची पिशवी काउंटरवर ठेवली. "तीन किलो कांदे. काट्यावर बघून घेतलेत. एकशेसाठ कमी पडतात." मग स्वतःची चष्म्याची डबी आत टाकली, मुलाचा स्टेपलर टाकला, हातात तोलून बघितलं. "झालं."

पिशवीचे बंद हुकात अडकवले. आणि मला वाटलं आता तरी नवऱ्याला उठवतील, तर नवरा म्हणाला, "हिच्या खांद्यावर लावा ना, काका, हीच घेते कॅमेरा." हे वाक्य तो दुकानात शिरतानाच बोलला असता तर! काका थोडे गोंधळले. मग म्हणाले, "बरं, वहिनींवर टेस्ट करू."

टेस्ट!

चालले मी. काउंटरपासून दारापर्यंत, दारापासून मगांवर फोटो छापायच्या मशीनपर्यंत. "जरा भराभर," काका म्हणाले. "आता वाका. पक्षी खाली बसलाय असं समजा. आता एकदम उठा." वाकले की पिशवी मांड्यांमध्ये येत होती, उठले की गुडघ्यावर आपटत होती. स्टेपलर खणखणत होता. काचेबाहेर दोघंतिघं थांबले. एक बाई मुलाचे शाळेचे फोटो काढायला आत आली, माझ्याकडे बघितलं, पिशवीत डोकावली आणि म्हणाली, "कसे दिले हो?"

काकांनी भाव सांगितला. तिला महाग वाटला. मग लासलगाव इथून हाकेच्या अंतरावर असून नाशिककरांनी कांदा या भावाने का घ्यायचा यावर दोघांचं जे सुरू झालं त्यात मी आणि कांदे तसेच दाराशी उभे.

आणि लिहिताना हात आखडतोय, पण पट्टा चांगला होता. मानेवर काही नाही, वजन खांद्यावरून तिरकं पाठीवर उतरलेलं. पॅड थोडं बाहेर सरकवून बसवलं तर वळसुद्धा वाचत होता. घेतला. बिल करताना मुलाने विचारलं, "सर, मोबाइल नंबर?" नवऱ्याने सांगून टाकला. रात्री त्याच्या फोनवर मेसेज, प्रिय सर, आपल्या फोटोग्राफीसाठी शुभेच्छा. पैसे माझ्या खात्यातून गेले, त्याचा मेसेज मात्र मला आला.

काकांचे फोटो आम्ही निघेपर्यंत आले नव्हते.

काल सकाळी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेला पट्टा. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून याचं नाव जाहीर झालं, तेव्हापासून रविवारी पक्ष्यांपेक्षा कॅमेरे जास्त असतात. मान खरंच नाही दुखली. पण मनोऱ्याच्या पायऱ्या उतरताना लेन्सचं हूड प्रत्येक पायरीवर गुडघ्याला टक्कर देतं, हे दाढीवाल्यांनी पाकिटावर लिहायला हवं होतं, हात लेन्सवर ठेवूनच उतरावं लागतं. तशी उतरतच होते तर दलदल ससाणा पाण्यावरून खालून गेला, जांभळ्या पाणकोंबड्या एकदम फडफडल्या, मी लेन्स वर ओढली, कडी मंगळसूत्रात अडकली. सोडवेपर्यंत ससाणा निफाडच्या दिशेने गायब.

खाली लष्करी ठिपक्यांचे कपडे घातलेला एक पोरगा आला, लटकणारा कॅमेरा निरखून बघितला. कॅमेरा माझ्या कमरेला. प्रश्न नवऱ्याला, "सर, पट्टा भारी आहे. मानेवर येत नाही का?"

मी तोंड उघडलं होतं. पण नवरा, जो आजवर फक्त पार्किंग आणि चहा यांवर बोलला आहे, त्याने घसा खाकरला.

"लोड कुठंय ते आधी बघायचं," तो म्हणाला. "बॉडीच्या कानांना लावला तर कॅन्टिलिव्हर होतो. सीजी लेन्सच्या पायाशी. आणि स्क्रूला लॉकवायर पाहिजे, ही दोरी बघ." त्याने माझ्या कमरेजवळची दोरी ओढून दाखवली, मी दोरीबरोबर पुढे आले.

पोरगा पार भारावला. "सर एचएएलला का?"

नवऱ्याने नाही म्हटलं नाही.