पोटाचं गाऱ्हाणं

गणपतीत मुंबई-गोवा हायवे तुंबतो त्याची बातमी होते. माझं पोट तुंबतं त्याची चर्चा फक्त वाडीत होते, पण बातमीपेक्षा कसून होते. मालवणकडच्या घरात ही बाब खासगी नसते. घर चाकरमान्यांनी भरलेलं, संडास एक, बाहेर कोणीतरी खाकरत उभं. अशात आतल्या माणसाला एकाग्रता कुठून यायची? बाहेर पडलो की पडवीतून आबांचा प्रश्न तयारच: "साफ झाला काय रे?" मी मान हलवली की पडवीभर हळहळ.

यंदा सूनबाई पुण्याहून प्रीबायोटिक पेयाचे डबे घेऊन आली. "बाबा, प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू. प्रीबायोटिक म्हणजे त्या जिवाणूंचं जेवण." ही कल्पना गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या दोन शास्त्रज्ञांनी 1995 साली मांडली म्हणे. डब्यात इन्युलिन होतं, चिकोरीच्या मुळातलं. हो, फिल्टर कॉफीत मिसळतात तीच चिकोरी. आपलं लहान आतडं या इन्युलिनला पचवू शकत नाही, ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथे बिफिडोबॅक्टेरिया नावाची मंडळी त्यावर ताव मारतात. मी पैसे मोजून प्यायचं आणि जेवायचं त्यांनी! आमच्याकडे पाहुणचार असाच असतो, तेव्हा तक्रार नाही.

हिने विचारलं, "हे इन्युलिन आपल्या खाण्यात नसतंच का?" सूनबाई प्रामाणिक. म्हणाली, "असतं ना, कांद्यात, लसणीत."

"म्हणजे वाटपात!" ही विजयी मुद्रेने म्हणाली आणि लगेच गप्प झाली. कारण आमच्याकडे गौरी-गणपती जाईपर्यंत कांदा-लसूण बंद. एरवी वाटपावर पोसलेल्या जिवाणूंना ऐन सणात उपास घडत होता. डबा फुटला.

चव जांभळाच्या सरबताला ताप आल्यासारखी. तेही चाललं असतं, पण सूनबाईने फोनवर आणखी वाचलं. चिकोरीचं इन्युलिन रोज 12 ग्रॅम घेतलं तर शौचाला नियमित होतं, असा दावा करायला युरोपात 2015 पासून परवानगी आहे. डब्यात होतं पाच ग्रॅम. पाच दुणे दहा. वरच्या दोन ग्रॅमसाठी तिने तिसरा डबा अर्धा ओतला. घरात हिशेबाला पक्की माणसं असली की हे असं होतं.

मोठ्या आतड्यातले नाना जातींचे जिवाणू जेवले की आंबवण्याचं काम सुरू होतं. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, आतड्याच्या अस्तराला ती फार मानवतात. पण सोबत हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. त्यातला थोडा श्वासातून जातो, बाकीच्याला जायला वाट एकच. सवय नसलेल्याने थोड्यापासून सुरुवात करावी, हे डब्याच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होतं.

दुपारी प्यालो. संध्याकाळी आरती. झांजा, ढोलकी आणि पोरांचा गजर चालू होता तोवर मी निर्धास्त होतो. त्या आवाजात जिवाणूंनी वाटेल ते करावं. पण आरतीनंतर गाऱ्हाणं असतं, आणि गाऱ्हाण्याला ढोलकी नसते. आबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुझी सेवा केली ती मान्य करून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे.

मी दोन्ही पाय आवळून समईकडे बघत होतो.

"कोणाची काय इडापिडा आसात, कोणाचा काय अडला आसात, ता मोकळा कर रे म्हाराजा..."

आबा श्वास घ्यायला थांबले. आणि वाडीच्या आधी माझ्या पोटाने होकार दिला. लांबलचक, स्पष्ट, शेवटी थोडा सूर चढवून.

पोरं एकमेकांवर कोसळली. सूनबाई पदर नसताना पदर शोधू लागली. आबांनी मात्र डोळे उघडले नाहीत. गाऱ्हाणं शेवटपर्यंत रीतसर पुरं केलं, माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि ढोलकीवाल्या पोराला म्हणाले, "उद्यापासून गाऱ्हाण्याकय वाजय रे."