तास किती ते नंतर, आधी विचारलं कोणाला?

इन्फोसिसचे नारायण मूर्ती २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं म्हणाले, मग जानेवारी २०२५ मध्ये एलअँडटीच्या सुब्रह्मण्यन यांचा ९० तासांचा व्हिडिओ आला (घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, तोच तो), आणि तेव्हापासून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. मी जर्मनीत, म्हणून मला टोमणा ठरलेला, तुमचं काय बाबा, पाचला लॅपटॉप बंद!

खरंय. पण साहेब प्रेमळ आहे म्हणून नाही हो, आमचा साहेब खडूसच आहे. इथे पाच माणसांच्या वर्कशॉपलासुद्धा कर्मचाऱ्यांची कमिटी निवडता येते, बेट्रिब्सराट म्हणतात, आणि ती असली की ओव्हरटाइमला तिची संमती लागते, कोणाला काढायचं तर आधी तिला विचारावंच लागतं, नाहीतर ते काढणंच रद्द. म्हणजे ऐकून घ्यायची सवय सक्तीने लागलेली, पण लागलीय. मीटिंगमध्ये कोणी 'हे जमणार नाही' म्हटलं तर आमचा खडूस 'का' विचारतो आणि लिहून घेतो.

२०२४ मध्ये फोक्सवागनने कारखाने बंद करायची भाषा केली तेव्हा कामगारांनी भर सभेत मॅनेजमेंटची हुर्यो उडवली, संप झाले, डिसेंबरात तोडगा निघाला. २०३० पर्यंत ३५ हजारांवर नोकऱ्या जाणारच आहेत, पण सक्तीने कोणाला काढणार नाहीत. आनंदीआनंद नाहीये, पण समोरासमोर बसून ठरलं.

आणि आपल्याकडे हे नव्हतंच असं नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगार असतील तिथे वर्क्स कमिटीची, म्हणजे मालक-कामगार दोघांच्या प्रतिनिधींच्या समितीची, सोय होती. १९७६ मध्ये जर्मनीत दोन हजारांवर माणसं असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांना मिळाल्या, त्याच वर्षी आपल्या ४२व्या घटनादुरुस्तीत कलम ४३अ आलं, व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. फक्त ते पडलं मार्गदर्शक तत्त्वांत, कोर्टात जाऊन मागता येत नाही. हिंजवडीतल्या पोराला त्याचा काय उपयोग, त्याच्या वाट्याला एचआरचा 'नाव गुप्त' सर्व्हे, जो कोणी खरा भरत नाही.

एक मात्र आहे. पुण्यातल्या माझ्या जुन्या साहेबांनी बाबांच्या ऑपरेशनला न मागता पैसे पुढे केले होते, रात्री हॉस्पिटलात येऊन बसले. इकडे तसं कोणी येणार नाही. पण तेच साहेब शनिवारी या म्हणाले की तोंडातून 'नाही' निघायचं नाही, आणि पगारवाढीचा विषय तर मी तिथे असेपर्यंत काढलाच नाही.