गिल्गमेशचं जंगल : फॉरवर्डमधली गल्लत

गेल्या आठवड्यात मीच पुढे पाठवलेला एक मेसेज अजून फिरतोय. त्यात म्हटलंय, ‘सुमेरियन कवितेत माकडांचं जंगल आणि रत्नांची झाडं सापडली.’ माझी चूक झाली. मूळ मजकुरांची भाषांतरं नंतर वाचली, तेव्हा लक्षात आलं की तीन गोष्टींची खिचडी झालीय.

माकडांचा मजकूर खरा आहे, पण तो अक्कदी भाषेतला. (अक्कदी आणि सुमेरियन या प्राचीन इराकमधल्या दोन वेगळ्या भाषा.) इराकमधल्या सुलेमानिया संग्रहालयाने २०११ मध्ये घेतलेली मातीची पाटी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ती गिल्गमेश नावाच्या राजावरच्या महाकाव्याच्या पाचव्या पाटीची, म्हणजे पाचव्या भागाची, प्रत आहे. त्यात पक्षी किलबिलतात, माकडिणी गातात, पिल्लं किंचाळतात, जणू देवदारांच्या जंगलाचा रखवालदार हुंबाबा याच्यापुढे रोजचा वाद्यवृंदच चाललाय! (हा भाग मला फार आवडतो.)

रत्नांची बागही त्याच अक्कदी काव्यातली, पण नवव्या पाटीत : लाल अकीकाची फळं, निळ्या लाजवर्दाची पानं.

सुमेरियन कविता वेगळी. तिच्यात गिल्गमेश सात डोंगर ओलांडून देवदारांपाशी पोचतो. रखवालदार हुवावाभोवती (हे हुंबाबाचंच सुमेरियन नाव) सात तेजोवलयं असतात. गिल्गमेश त्याला चक्क आपल्या बहिणी देऊ करतो आणि एकेक वलय काढून घेतो. शेवटी गिल्गमेशचा साथीदार एन्किडू हुवावाचा गळा चिरतो आणि एन्लिल देव संतापतो. माकडं, रत्नांची झाडं इथे नाहीत.

तेव्हा जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.