खारपाणातला डॉक्टर

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात बोअर मारला की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. डाळ शिजता शिजत नाही आणि नव्या पाहुण्याचा चेहरा चहाच्या पहिल्या घोटाला जो होतो, तो पाहण्यासारखा असतो. नळाचं गोडं पाणी येईल तेव्हा येतं, बाकी भिस्त आरओच्या 20 लिटरच्या कॅनवर. अशा गावात मी 5 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच काचेच्या टाकीत 28 कॅन गोडं पाणी ओतलं आणि त्यात 20 किलो मीठ कालवलं.

कॅनवाला पोरगा शेवटची कॅन रिकामी करून उभाच राहिला. म्हणाला, "काका, खारंच पायजे होतं तं बोअर होता न वो. फुकटात झालं असतं."

त्याला समजावलं, की बाबा, खारट म्हणजे समुद्र नव्हे. आपल्या बोअरचं खारेपण वेगळं. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत साधारण 35 भाग क्षार, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं ठरल्या मापात. त्याचं मीठ खास पुडीतून येतं आणि ते शुद्ध पाण्यातच घालावं लागतं. पोरानं मान डोलावली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की कृषी केंद्रवाल्या काकाच्या डोक्यावर परिणाम झाला.

हे सगळं एका माशासाठी. लहानपणी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं तेव्हापासून डोक्यात किडा होता. पन्नाशीत त्याला पंख फुटले. पावडर ब्लू टँग. निळं अंग, काळं तोंड, गळ्याशी पांढरा पट्टा, पाठीवर पिवळाजर्द पर. हिंदी महासागरातला, म्हणजे आपल्याकडचाच म्हणायचा. मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात घालून रात्रीच्या गाडीनं अकोल्यापर्यंत आणला, रात्रभर मांडीवर. घरी आल्यावर मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या नळीनं टाकीतलं पाणी थेंब थेंब त्याच्या पिशवीत सोडत बसलो, नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अवो, माशाले सलाईन लावून राह्यले का तुमी?"

टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक पातं असतं, नस्तरासारखं. म्हणून या घराण्याला सर्जनफिश म्हणतात. दुसऱ्याच आठवड्यात काच पुसताना त्यानं माझ्या अंगठ्याची शस्त्रक्रिया केली. त्या दिवसापासून गावात त्याचं नाव डॉक्टर.

डॉक्टरचा थाट काय सांगावा. समुद्रात हा दिवसभर खडकावरचं शेवाळ खुडत फिरतो, त्यामुळे दिवसभर चरायला पाहिजे; नाही दिलं की पोट खपाटीला जातं. पालक घालून पाहिला, त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मग समुद्री शेवाळाचे वाळवलेले पापड, नोरी म्हणतात त्याला, ऑनलाइन मागवले. चिमट्यात धरून काचेला लावले की डॉक्टर पंधरा मिनिटांत साफ करतो. सौ. अंबाडीची भाजी निवडता निवडता पाहत होती. "त्याले जपानचा भाजीपाला अन् आमाले अंबाडी," एवढंच म्हणाली. त्यानंतर तीन दिवस मला अंबाडीच होती.

एवढं सगळं दोन महिने सुखात चाललं. पुढचं पाप माझं.

मी कृषी केंद्र चालवतो. डिसेंबरात गल्ल्यावर बसून येईल त्या शेतकऱ्याला सांगतो, फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखू नका. कपाशी ठेवली की गुलाबी बोंडअळीला खायला मिळतं, पुढच्या हंगामाला ती दुप्पट जोरानं येते. वावर मोकळं करा, अळी उपाशी मरू द्या. शेजारच्या आबांना तर मी अर्धा तास झोडपलं होतं, पुढच्या साली कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे, आतापासून बांधून ठेवा म्हणालो होतो. आबा बिचारे "होय नं, बाप्पा" म्हणत ऐकत होते.

आणि याच गृहस्थानं फेब्रुवारीत एक क्लाउनफिश आणला आणि थेट टाकीत सोडला. नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा असतो, हे मला तोंडपाठ होतं. पण म्हटलं, एवढासा तर आहे.

दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरच्या परावर रव्याचा दाणा दिसला. दुपारी चार. दुसऱ्या दिवशी अंगभर, जसं कुणी बारीक मीठ भुरभुरलं. कल्ले भराभर हलत होते, मधूनच दगडाला अंग घासायचा. मरीन इच, खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या अंगावर जगणाऱ्या बारीक परजीवीचा रोग. त्यातून टँग म्हणजे या रोगाचं माहेर, आणि टँगमध्ये पावडर ब्लूचा नंबर पहिला.

इलाज तांब्याचा. दुकानात मोरचूदाची, म्हणजे तांब्याच्याच क्षाराची पोती होती, संत्र्यावर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी. हात गेला होता, खोटं कशाला बोलू. पण संत्र्याच्या पंपाचं माप इथं चालत नाही. इथं दहा लाखांत पाव भाग तांबंही जास्तीचं. कमी पडलं तर रोग जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. शिवाय मोठ्या टाकीत टाकलं तर कोळंबी, गोगलगायी साफ, आणि दगड तांबं पिऊन बसतात ते वेगळंच. मग माशांचं औषध आणि तपासणीचा किट मागवला. 200 लिटरचा निळा ड्रम आणला, फवारणीचा नव्हे, कोरा. लपायला दुकानातले अडीच इंची पीव्हीसीचे तुकडे टाकले आणि दोन्ही मासे ॲडमिट केले. ड्रम अपारदर्शक. रोज रात्री मी त्यात टॉर्च मारून वाकलेला असायचो आणि सौ. दुसऱ्या खोलीतून विचारायची, "हाये का?"

मासे वाचले. पण मोठ्या टाकीत रोगाच्या गाठी दगडाला चिकटलेल्या. त्या फुटून जे पोहत निघतं, त्याला दोन दिवसांत मासा मिळाला नाही की ते मरतं. मात्र सगळ्या गाठी फुटायला दोन-अडीच महिने लागू शकतात. म्हणून टाकी 76 दिवस माशांवाचून ठेवायची. पण बंदही करायची नाही, नाहीतर घाण पचवणारे जिवाणू मरतात. पंप चालू, दिवा चालू, पंखा चालू.

मे उजाडला. पारा 45 वर. पंख्यानं टाकीतलं पाणी गार राहतं, पण उडतंही. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी रोज ओतायचं. दिवसाला अर्धी कॅन.

एकसष्टाव्या दिवशी आबा सरकी न्यायला आले आणि आत डोकावले.

"डॉक्टर दिसत नाई गा?"

"ॲडमिट हाये."

"मंग यात काय हाये?"

"काही नाही. रोग हाये. त्याले उपाशी मारून राह्यलो."

आबांनी चष्मा पुसला. टाकीभोवती एक फेरी मारली. "म्हंजे वावर मोकळं ठेवलं तुमी."

मी गप्प.

"अन् बाहेरून आणलेलं रोपटं न तपासता लावलं होतं."

मी आणखी गप्प. तेवढ्यात कॅनवाला पोरगा आला. मी सवयीनं कॅन उचलली आणि रिकाम्या टाकीत ओतायला लागलो. आबा त्या धारेकडे बराच वेळ पाहत राहिले, मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, मले घोटभर पाणी दे वो. बोअरचंच दे. गोडं इथं लागून राह्यलं."