थ्रीडी कॅमकॉर्डर घेताय? आधी दोन भिंगांमधलं अंतर बघा

दोन महिने एक जुना थ्रीडी कॅमकॉर्डर वापरतोय. दोन भिंगांचा, २०११ च्या सुमाराचा, सेकंडहँड. घरच्यांच्या मते हे शुद्ध खूळ. असेलही.

त्या काळी या कॅमेऱ्यांची तुलना व्हायची ती रिझोल्यूशनवरून. २०१० मधला पॅनासॉनिकचा एसडीटी७५० एका भिंगापुढे वेगळी थ्रीडी लेन्स लावायचा आणि एकाच फ्रेममध्ये दोन्ही डोळ्यांची चित्रं शेजारी शेजारी कोंबायचा, म्हणजे प्रत्येक डोळ्याला रुंदी निम्मीच. वर ती लेन्स लावली की झूम बंद. पुढच्याच वर्षी सोनी टीडी१० आणि जेव्हीसी जीएस-टीडी१ आले, दोन भिंगं, दोन सेन्सर आणि दोन्ही डोळ्यांना पूर्ण एचडी. फरक मोठाच होता, नाही म्हणत नाही. पण चित्रातली खोली मेगापिक्सेलमधून येत नाही, ती येते दोन भिंगांमधल्या अंतरातून.

आपल्या डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. माझ्या कॅमेऱ्याच्या भिंगांत जेमतेम तीन. थ्रीडीवाल्यांचा जुना ठोकताळा असा की, सगळ्यात जवळची वस्तू या अंतराच्या तीसपट लांब हवी. म्हणजे माझ्यासाठी नव्वद सेंटिमीटर. तिथून दोन-तीन मीटरपर्यंत हा कॅमेरा राजा. त्यापुढे खोली विरत जाते आणि लांबचा डोंगर तर पोस्टकार्डासारखा सपाट दिसतो. झूम केलात तर माणसं पुठ्ठ्यातून कापून एकामागे एक उभी केल्यासारखी दिसतात. म्हणून झूमच्या आकड्याला भुलू नका.

आई सुईत दोरा ओवत होती, मी मीटरभरावर बसून शूट केलं. दोऱ्याचं टोक सुईच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे साध्या व्हिडिओत कधीच कळत नाही. इथे स्पष्ट दिसतं, टोक दोनदा नेढ्याच्या बाजूने निसटतं आणि तिसऱ्यांदा आत जातं. बघताना आपलीच बोटं आवळली जातात. त्याच क्लिपमध्ये तिचं कोपर मात्र फ्रेमच्या कडेने कापलं गेलंय. पडद्याबाहेर आलेली वस्तू कडेशी तुटली की डोळे गोंधळतात. ती चूक माझी.

आणखी एक, कॅमेऱ्याच्या बिनचष्म्याच्या छोट्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. तिथे सगळं सुरेख वाटतं. तेच मोठ्या टीव्हीवर टाकलं की दोन चित्रांमधलं अंतरही मोठं होतं आणि दहा मिनिटांत कपाळ ठणकतं. विकत घेण्याआधी क्लिप मोठ्या पडद्यावर बघाच.

पण तो पडदा आणायचा कुठून, ही खरी अडचण. एलजी आणि सोनीने २०१७ मध्ये थ्रीडी टीव्ही बंद केले. माझा जुना अजून चालतो. चष्मे दोनच उरलेत आणि त्यातल्या एकाचं चार्जिंग टिकत नाही. त्यामुळे सुईदोऱ्याची क्लिप आम्ही आळीपाळीने बघतो.