पाचशे कोटींचा गल्ला म्हणजे दोनशे कोटींचा नफा नव्हे

‘तीनशे कोटींत सिनेमा केला, पाचशे कोटी कमावले, निर्मात्याच्या खिशात दोनशे कोटी. मराठीवाल्यांनी अनुदान मागण्यापेक्षा हा धंदा शिकावा.’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. हिशेब साफ चुकलेला आहे आणि त्यावरून मराठी निर्मात्यांना टोमणे मारले जातात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पाचशे कोटी ही प्रेक्षकांनी मोजलेली रक्कम. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो. तो काढला की साधारण ४२४ कोटी उरतात. त्यातला मोठा वाटा चित्रपटगृहाचा. २००९ मध्ये याच वाटणीवरून हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले भांडले आणि दोनेक महिने मोठे हिंदी सिनेमे मल्टिप्लेक्सला लागलेच नाहीत. तडजोडीत ठरलं ते असं: निर्माता-वितरकांना पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५, पुढे ३०. सिनेमा जितका जुना, तितका त्यांचा वाटा कमी. पहिल्या तीन दिवसांसाठी एवढी जाहिरातबाजी आणि हजारो पडदे अडवण्याची धडपड का चालते, ते यावरून कळावं. पॉपकॉर्नचे पैसे तर वाटणीत येतच नाहीत.

सरासरी ४७ टक्के धरले तरी हाती दोनशे कोटी येतात. त्यातूनच वितरकाचं कमिशन जातं. ते बाजूला ठेवलं तरी तिकीटबारीवर नफा सोडाच, शंभर कोटींची तूट आहे.

मग सिनेमा बुडाला का? तसंही नाही. ओटीटी, उपग्रह (म्हणजे टीव्ही) आणि संगीताचे हक्क दीडशे कोटींना गेले, तर तूट भरून पन्नास कोटी उरतात. मोठ्या सिनेमाचा नफा बरेचदा इथेच ठरतो. पण या पैशालाही अटी असतात. हिंदी सिनेमा आठ आठवडे ओटीटीवर येऊ नये, असा राष्ट्रीय मल्टिप्लेक्स साखळ्यांचा आग्रह असतो. ‘लिओ’ या तमिळ सिनेमाची हिंदी आवृत्ती २०२३ मध्ये त्यांच्याकडे लागली नाही, ती याच कारणाने.

शिवाय तोटा नेहमी निर्मात्याचाच असतो असंही नाही. वितरकाने मिनिमम गॅरंटी, म्हणजे सिनेमा चालो न चालो ठरलेली रक्कम, देऊन हक्क घेतले असतील, तर सिनेमा पडल्यावर तो मरतो. ‘बाबा’ (२००२) पडल्यावर रजनीकांत यांनी वितरकांना पैसे परत केले होते.

परदेशातल्या आकड्यांनी तर आणखी फसगत होते. ‘दंगल’ने २०१७ मध्ये चीनमध्ये हजार कोटींहून जास्त गल्ला केला, पण तिथे परदेशी सिनेमाच्या वाट्याला साधारण पाव हिस्साच येतो.

आता हाच हिशेब मराठीला लावा. चार कोटींच्या सिनेमाने तीन कोटींचा गल्ला केला, तर हाती जेमतेम एक कोटी वीस लाख. उरलेले दोन कोटी ऐंशी लाख हक्कांतून यायचे, आणि मराठी सिनेमाचे हक्क घेणारे मोजकेच. पहिल्या आठवड्यातला अर्धा वाटा कागदावर मराठीलाही मिळतो, पण शो सकाळी दहाचा किंवा दुपारी तीनचा असेल तर नोकरदार माणूस येणार कसा? दुसऱ्या आठवड्यात शो आणखी घटतात आणि टक्काही. ‘सैराट’चं उदाहरण लगेच पुढे केलं जातं, पण तसं यश २०१६ नंतर किती मराठी सिनेमांना मिळालं? अनुदान मागणाऱ्याला धंदा कळत नाही असं नाही. हिशेब त्याला पाठ असतो, म्हणूनच तो मागतो.